बेळगावात जुनी बॉक्सस्टर पाळायची तर

उद्यमबागेत, म्हणजे आमच्या औद्योगिक वसाहतीत, कुठल्याही वर्कशॉपसमोर माझी पोर्शची बॉक्सस्टर थांबवली की तिथला फिटर पहिल्यांदा म्हणतो, ‘बॉनेट उघडा की.’ मी उघडतो. आत एक बॅग मावेल असा खोल डबा. मग तो मागं जातो, ‘म्हणजे हितं असणार.’ डिकी उघडतो. तिथंही डबाच, आणि कडेला तेल आणि कूलंट ओतायची टोपणं. ‘इंजिन काढून ठेवलंय काय?’ असं मला आजवर तीन जणांनी खरोखर विचारलंय.

इंजिन असतं, खरं दिसत नाही. दोन सीटांच्या पाठीशी आणि मागच्या चाकांच्या पुढं, कापडी छपराच्या डब्याखाली ते आडवं झोपलेलं असतं. बघायचं झालं तर गाडी लिफ्टवर घेऊन खालून, नाहीतर छप्पर अर्धं उघडून वरून. नवख्या माणसानं ही गोष्ट पहिल्या दिवशीच पक्की करून घ्यावी: या गाडीचं इंजिन डोळ्यांनी तपासता येत नाही, त्यामुळं कागद, वास, आवाज आणि हात यांवरच भिस्त. खाली जे लिहिलंय ते बहुतेक त्यातूनच आलंय.

मध्ये इंजिन असलेल्या उघड्या दोन-सीटर गाड्या जगात बऱ्याच झाल्या. लोटसची एलिस आहे, टोयोटाची एमआर-टू आहे. खरं आपल्याकडं जुन्या बाजारात सहज सापडणारी, पार्ट मिळणारी एकच, पोर्शची बॉक्सस्टर. ‘बॉक्सर’ (आडव्या, समोरासमोर सिलिंडरांचं इंजिन) आणि ‘रोडस्टर’ (उघडी दोन-सीटर) हे दोन शब्द जोडून ते नाव केलंय. म्हणून पुढचं सगळं बॉक्सस्टरबद्दल.

कुठल्या सालची घ्यायची

चार पिढ्या. ९८६ ही १९९६ ते २००४, ९८७ ही तिथून २०१२ पर्यंत, ९८१ ही २०१६ पर्यंत आणि त्यापुढची ७१८. शेवटच्या पिढीत सुरुवातीला सहाऐवजी चार सिलिंडर आणि टर्बो आला. ती वेगवान आहे, खरं आवाजासाठी गाडी घेणाऱ्यांनी आधी ऐकून बघावी. मला तो आवाज आवडत नाही, माझ्या भावाला फरक कळत नाही.

जुन्या बाजारात खरा प्रश्न २००८ की २००९ हा असतो. २००८ पर्यंतच्या इंजिनांत क्रँकची गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत नेणारा एक मधला शाफ्ट आहे, त्याला आयएमएस म्हणतात. त्याच्या एका टोकाचं बेअरिंग गेलं की टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात. ९८६ मध्ये हे बेअरिंग लहान, जास्त दगा देणारं. खरं क्लच उतरवला की ते बदलता येतं. ९८७ च्या सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांत मोठं बेअरिंग आहे. ते क्वचित जातं, मात्र इंजिन फोडल्याशिवाय बाहेर निघत नाही. २००९ च्या मॉडेलपासून इंजिन नवं आलं आणि त्यात हा शाफ्टच नाही. साधं २.९ लिटर, २५५ हॉर्सपॉवर, जास्त ताकदीचं ‘एस’ ३.४ लिटर, ३१०.

माझं मत सरळ आहे. पहिलीच गाडी असेल तर २००९ नंतरची ९८७ किंवा ९८१ घ्या. ९८६ स्वस्तात दिसते म्हणून धावू नका. बेळगावातून बंगळूर पाचशे किलोमीटर, मुंबईही जवळपास तेवढीच. इंजिन फोडायची वेळ आली तर गाडी लादून नेणाऱ्या फ्लॅटबेडचं भाडंच आधी घाम काढतं.

चॅसिस नंबरचं दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं: ‘९’ म्हणजे २००९, ‘ए’ म्हणजे २०१०, ‘बी’ म्हणजे २०११. विकणारा ‘दोन हजार नऊची आहे’ म्हणतो तेव्हा तो नोंदणीचं साल सांगत असतो. २००८ चं मॉडेल शोरूममध्ये पडून राहून २००९ मध्ये नोंदलेलं असू शकतं. इथं एका वर्षाच्या फरकात अख्खं इंजिन बदलतं.

कागद: सीमाभागातली खास अडचण

आपल्याकडं प्रत्येकाचा एक मामा कोल्हापुरात किंवा चंदगडात असतोच. त्यामुळं पहिला सल्ला हमखास येतो: ‘एमएच-०९ वरच राहू दे, मामाच्या पत्त्यावर घे, आणि चालव बेळगावात.’ मारुतीत हे चालून गेलं असेल. लाल रंगाच्या, छप्पर नसलेल्या गाडीला चन्नम्मा सर्कलमध्ये कुणी बघत नाही असं समजू नका. केंद्राच्या कायद्याप्रमाणं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला टॅक्स भरावा लागतो.

इथंच लोक फसतात. कर्नाटकात आजीवन टॅक्स काढताना तुम्ही जुन्या बाजारात मोजलेली किंमत धरत नाहीत. गाडी नवी असतानाची किंमत धरतात, आणि वयाप्रमाणं त्यात सूट देतात. महागड्या गाड्यांचा टॅक्सचा टक्काही सगळ्यात वरचा. त्यामुळं दहा-बारा वर्षांची पुण्याची गाडी स्वस्त वाटते, आणि केए-२२ चा नंबर घेईपर्यंत बंगळूरच्या महाग गाडीएवढी पडते. सौदा करायच्या आधी मूळ इन्व्हॉइसची झेरॉक्स मागा, ती घेऊन आरटीओत जा आणि टॅक्सचा आकडा काढून आणा. कानडी वाचता येत नसेल तर येणारा मित्र बरोबर न्या. एजंट भला असतो, खरं फॉर्मवर सही तुमची असते.

दुसऱ्या राज्यातून घेताना लागणारे कागद: फॉर्म २८ म्हणजे एनओसी, नाव बदलायला २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, नव्या नंबरासाठी २७. जुन्या राज्यातल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, तो अर्ज नंतर करायचा आहे म्हणून विकणाऱ्याशी संबंध गोड ठेवा. परिवहनच्या पोर्टलवर थकलेले चलान बघा. अशा गाडीवर वेगाचे चलान नसतील तर ती चाललीच नाही असं समजायला हरकत नाही.

गाडी कुणी स्वतः परदेशातून आणलेली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि पंधरा वर्षांचा विचार आत्ताच करा. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या साध्या कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० केली, आयात केलेल्या चारचाकीची ४०,०००. आपली गाडी कुठल्या रकान्यात धरतात आणि आज फी किती आहे ते आरटीओतच विचारा. २००९ च्या गाडीला पंधरा वर्षं होऊन गेलीत.

बघायला जाताना

सकाळी जा, आणि आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नका असं सांगून ठेवा. थंड इंजिन सुरू होताना क्षणभर निळसर धूर आला तर घाबरायचं कारण नाही, आडव्या सिलिंडरांत थोडं तेल साचतं. पांढरा दाट धूर येऊन थांबतच नसेल तर तेल-हवा वेगळी करणारा सेपरेटर गेलेला असू शकतो. गोड वास आला तर कूलंट गळतंय.

पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळीत टॉर्च मारा. रेडिएटर तिथं आहेत. पानं, पिसं, प्लास्टिकचे कागद, सगळं तिथं जाऊन बसतं, ओल धरतं आणि रेडिएटर कुजतो. इंजिन मागं आणि रेडिएटर पुढं, म्हणजे मधले पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. लिफ्टवर घेतली की ते पाइप आणि खालची पत्रं नीट बघा. हंपवर किती वेळा घासलीय ते तिथं लिहिलेलं असतं.

मागच्या टायरची आतली कड हातानं चाचपा. चाकं जरा आत झुकलेली असतात त्यामुळं बाहेरून नक्षी छान दिसते आणि आतून तारा निघालेल्या असतात. टायरवरचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. सहा-सात वर्षांचे टायर असतील तर नक्षी कितीही असो, चारही टायरचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. पुढचे-मागचे साइज वेगळे असल्यानं आलटून पालटून लावता येत नाहीत.

सर्व्हिसची फाइल नसेल तर मी परत फिरतो. ‘सगळं आमच्या माणसाकडं केलंय’ म्हणणाऱ्याला त्या माणसाचा नंबर मागा. शोरूमच्या कॉम्प्युटरवर इंजिन किती वेळा आणि कधी मर्यादेबाहेर फिरवलंय त्याची नोंद निघते. हातगिअरच्या गाडीत ती काढल्याशिवाय पैसे देऊ नका. हा तपास बंगळूरला किंवा मुंबईला होतो, खर्च होतो, आणि तो खर्च करवत नसेल तर पुढचेही करवणार नाहीत.

घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात तेल, ब्रेक ऑइल, प्लग आणि सगळे फिल्टर बदला, आधीच्यानं काय सांगितलंय ते विसरा. सहा सिलिंडरच्या या इंजिनाला सात-आठ लिटर तेल लागतं. ९८७ पासून तेल बघायची काडी नाही. सपाट जागी गाडी उभी करून डॅशबोर्डवर बघायचं. फिटर काडी शोधत बसला तर त्याला चहा द्या आणि हे सांगा.

कूलंटबद्दल मात्र ठाम राहा. वीसेक लिटर पाणी इतक्या लांब पाइपांतून फिरतं की टोपण उघडून नुसतं ओतलं तर हवा अडकते, आणि घाटात काटा वर चढतो. आधी व्हॅक्यूमनं हवा ओढून घेऊन मग भरायचं असतं. ती पंप-किट ज्याच्याकडं नाही त्यानं कूलंट बदलू नये, एवढंच.

तरीही बेळगावकर नशीबवान आहेत. या गावात फाउंड्री, लेथ, हायड्रॉलिक्सची कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीत. हंपवर पुढून टकटक वाजायला लागलं की कंट्रोल आर्मचे बुश गेलेत. जुना बुश प्रेसवर काढून नवा सरळ बसवणारा माणूस उद्यमबागेत किंवा मच्छेत अर्ध्या तासात सापडतो. इंजिनच्या आतल्या भानगडी त्याच्याकडं नेऊ नका. मात्र बोल्ट, ब्रॅकेट, होज, बुश यांत मोठ्या शहरातल्या गॅरेजपेक्षा त्याचा हात चांगला.

चाकाचे नट टॉर्क रेंचनंच आवळायचे, ९८७ ला १३० न्यूटन-मीटर. आणि हे नट नव्हेत, बोल्ट आहेत, म्हणजे चाक काढलं की हबवर अडकवायला काही नसतं. पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर चाक ब्रेकच्या डिस्कवर आपटतं. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नाही, जॅकही नाही. पंक्चरच्या दोऱ्या आणि बारा व्होल्टचा पंप कायम गाडीत ठेवा. चाकाचा लॉक-बोल्ट उघडायची चावी कुठं आहे ते घ्यायच्या दिवशीच विचारा. माझी महिनाभर सापडली नव्हती.

पेट्रोल किमान ९५ ऑक्टेनचं. त्याहून कमीचं भरलं तर इंजिन स्वतःला सावरून घेतं, खरं ताकद कमी होते. खानापूर-जांबोटीकडं निघताना बेळगावातच टाकी भरा, पुढं हवं ते मिळेलच असं नाही. कोल्हापूरकडनं येताना तर कळ काढून कोगनोळी गाठायची पद्धतच आहे, कर्नाटकात दर कमी म्हणून.

पावसाळा

हा भाग मी स्वतःच्या अंगावर काढलाय. पहिल्या जूनमध्ये गाडी टिळकवाडीत घरामागं आंब्याखाली उभी केली, वर कव्हर टाकलं आणि पाच आठवडे तिकडं बघितलं नाही. कापडी छपरावरचं पाणी दोन्ही बाजूंच्या बोटाएवढ्या भोकांतून खाली जातं. ती भोकं छप्पर अर्धं उघडल्यावरच दिसतात, आणि तोवर आंब्याच्या पानांनी ती बुजली होती. पाणी सीटमागून आत आलं. जुलैत दार उघडलं तेव्हा कार्पेट पायाखाली पचपचत होतं आणि बॅटरी मेलेली.

आता गंमत ऐका. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली. बॉनेट विजेवर उघडतं. वीज नाही म्हणून बॉनेट उघडत नाही, आणि बॉनेट उघडत नाही म्हणून बॅटरीला हात लागत नाही. दोन दिवस मी आणि शेजारचे काका गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होतो. उपाय असा: किल्लीतल्या धातूच्या पात्यानं दार उघडा, हळू उघडा, कारण वीज नसली की काच खाली सरकत नाही आणि छपराच्या रबरात अडकते. आत पाय ठेवायच्या जागी, दाराजवळ फ्यूजबॉक्स आहे. त्यात ओढून बाहेर काढायचं एक टोक असतं, त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस, आणि दाराच्या कुलपाच्या धातूच्या कडीला मायनस. किल्लीवरचं बटण दाबलं की बॉनेट उघडतं. ही तार इंजिन सुरू करण्यासाठी नाही, फक्त कुलूप उघडण्यापुरती.

तेव्हापासून मे संपायच्या आत मी छप्पर अर्धं उघडून दोन्ही भोकांत मऊ नळी घालून साफ करतो आणि बाटलीभर पाणी ओततो. गाडीखालून पाणी बाहेर आलं की काम झालं. भोकांत टोकदार तार घालायची नाही. बॅटरीला मेंटेनर चार्जर जोडून ठेवतो, टाकी भरून ठेवतो कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल रिकाम्या टाकीतली ओल ओढून घेतं. आंबा तिथंच आहे, गाडी पत्र्याखाली गेली. ९८६ घेणाऱ्यानं जास्त जपावं, त्यात सीटखाली कंट्रोल युनिट आहे आणि ते भिजलं की गाडी सुरूच होत नाही.

उंदीर आणि घूस यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. चिकटपट्टी ठेवा, दर पंधरा दिवसांनी फेरी मारून आणा. धुवायला प्रेशर गनवाल्याकडं नेऊ नका. त्याचा रॅम्प पुढचा बंपर खातो आणि गन छपराची शिवण.

चालवताना

वजन मध्ये असण्याचा अर्थ कळायला कावड आठवा. खांद्यावर कावड घेऊन वळायचं झालं तर आधी दोन्ही टोकांच्या घागरी ओढून फिरवाव्या लागतात. तेच वजन कमरेला बांधलं तर माणूस टाचेवर गिरकी घेतो. बॉक्सस्टर अशी कमरेला वजन बांधलेली आहे. स्टिअरिंग जरा हलवलं की नाक वळतं. खरं उलटं झालं तर तेही तितक्याच झटक्यात होतं. कावडवाला हळू फिरतो म्हणून सावरायला वेळ मिळतो, इथं तो मिळत नाही.

म्हणून घाटात एक सवय लावून घ्या. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर संपवायचा. वळणात अ‍ॅक्सिलरेटरवर हलका, एकसारखा पाय. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला तरी पाय झटकन उचलायचा नाही. उचललात की वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर येते. नव्या माणसाचा पाय नेमका तेव्हाच उचलला जातो. यावर उपाय एकच, पहिले सहा महिने वळणात गरजेपेक्षा हळू शिरा. स्थिरता सांभाळणारी पीएसएम यंत्रणा बंद करू नका. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेक मोकळे राहतात.

शिकायला वंटमुरी घाट बरा, रस्ता रुंद आहे, वळणं मोठी. तिथं ट्रकांच्या मध्ये अडकू नका. तुमचं डोकं त्यांच्या चाकाच्या उंचीवर असतं, ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. आंबोलीला वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची असं जाता येतं, शिनोळीला महाराष्ट्र लागतो. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा सगळ्यात देखणा, आणि पावसाळ्यानंतर डागडुजी होईपर्यंत सगळ्यात वाईट. जाण्याआधी कालच तिकडनं आलेल्या माणसाला विचारा. संध्याकाळनंतर या रस्त्यांवर गवे येतात. गव्याच्या पायांच्या उंचीची आपली गाडी.

हंप तिरका घ्यायचा, एक चाक आधी, मग दुसरं. गावात न रंगवलेले हंप पुढच्या दुचाकीच्या उडीवरून ओळखा. शहरात रेल्वे गेटांपेक्षा उड्डाणपूल बरे.

ऊस सुरू झाला की रात्री निघू नका. जोडट्रॉलीच्या मागं दिवा नसतो, आणि बाहेर आलेली उसाची टोकं नेमकी आपल्या काचेच्या उंचीवर.

एक धोका बाहेरच्या लेखांत सापडणार नाही. सुगीत लोक सोयाबीन, हुलगे, नाचणी रस्त्यावरच मळणीला पसरतात, गाड्यांच्या चाकांनी मळून निघावी म्हणून. जीपनं जावं, आपण जाऊ नये. वाळका पाला गाडीच्या पोटात अडकतो, तिथं तापलेला एक्झॉस्ट आहे, आणि पाठीशी लागूनच इंजिन. थांबा, कुणाला तरी चार पावलं बाजूला सारायला सांगा. गाडी बघायला पोरं जमलेलीच असतात, ती हसत हसत करतात. चुकून गेलातच तर पुढं लगेच थांबून खाली वाकून बघा, हातानं पाला काढा, आणि मगच निघा.

पहिली फेरी रविवारी सकाळी सातला, पिरनवाडीवरून जांबोटीपर्यंत आणि परत. इंजिन गरम होईपर्यंत तीन हजाराच्या वर फिरवू नका. छप्पर उघडं ठेवायचं असेल तर टोपी आवळून घाला आणि बरोबरच्या बाईंची ओढणी आत खोचून घ्या. घरी आल्यावर दोन मिनिटं तसंच चालू ठेवा, बंद करा, आणि खाली एक जुना पुठ्ठा सरकवून रात्रभर राहू द्या. सकाळी पुठ्ठ्यावर डाग पुढच्या बाजूला असेल तर एसीचं पाणी किंवा कूलंट, बोट लावून वास घ्या. मागच्या बाजूला तेलाचा असेल तर त्याभोवती पेननं गोल काढा, तारीख घाला आणि दुसऱ्या दिवशी परत बघा.